बेळगावातून विमान कंपनीत पहिली नोकरी: कमी पगार कशासाठी घ्यावा आणि किती दिवस

सांबऱ्याच्या विमानतळावर, नाहीतर कोल्हापूरच्या उजळाईवाडीला, हुबळीला किंवा गोव्यात मोप्याला छोट्या विमान कंपनीत पहिली नोकरी चालून आली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "एवढं शिकून एवढाच पगार? उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर लागला असतास तर यापेक्षा बरे मिळाले असते." दुसरा म्हणतो, "अनुभव मिळतोय न्हवं, पगार काय आज ना उद्या वाढतोय की." दोघांचंही अर्धं खरं आहे. अनुभवाची किंमत करता येते, फक्त ती सही करायच्या आधी करायची असते. ती कशी करायची ते इथं क्रमानं लिहितोय. ग्राउंड स्टाफ, केबिन क्रू, देखभाल अभियंता आणि पायलट यांचं गणित वेगवेगळं असतं, म्हणून चौघांना एकच सल्ला देणाऱ्या काकांना चहा पाजून वाटेला लावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जो अनुभव दुसरी कंपनी मोजून घेईल, त्याच्यासाठीच कमी पगार घ्यावा, आणि तोही थांबायची तारीख मनाशी ठरवून.

पायरी १: पगार नक्की कोण देणार?

मुलाखत विमान कंपनीच्या नावानं होते, गणवेशही तिचाच असतो, पण ऑफर लेटरवर भलत्याच मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं नाव असतं. असं बऱ्याच ठिकाणी चालतं आणि त्यात सहसा बेकायदा काही नसतं. मात्र उद्या अनुभवाचा दाखला त्या एजन्सीचा मिळणार, विमान कंपनीचा नाही. त्यामुळं सही करण्याआधी विचारा: दाखल्यावर कोणाचं नाव येणार, आणि मी कोणत्या विमान कंपनीचं कोणतं काम केलं हे त्यात लिहून देणार का?

दुसरी गोष्ट, नोकरीसाठी पैसे मागणारा कुणीही असो, तिथंच उठा. 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'गणवेशाचे पैसे', 'मेडिकल फी आधी ऑनलाइन भरा' ही सगळी एकाच थैलीतली माणसं. लाख-दीड लाख घेऊन 'एव्हिएशन डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट' विकणाऱ्या क्लासबद्दलही सावध राहा. काउंटरवरच्या कामाला लागणारी प्रशिक्षणं, म्हणजे धोकादायक मालाचं, सुरक्षेचं, रॅम्पवरच्या (विमान उभं राहतं तिथल्या) सुरक्षिततेचं, नोकरी देणारी संस्था स्वतः करून घेते. बारावी किंवा पदवी, बोलायची सफाई आणि स्वच्छ पोलीस पडताळणी एवढ्यावर माणसं लागतात.

पायरी २: कागदावरचा आकडा हातात किती येतो?

एक उदाहरण मांडून बघू. कंपनी म्हणते महिना २०,१०० 'सीटीसी', म्हणजे तुमच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च. त्यातला एकूण पगार १८,००० आणि मूळ वेतन ९,००० धरा. कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा १,०८०, ईएसआय या आरोग्य विम्याचा ३.२५ टक्के वाटा ५८५ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ४३३, हे सगळं तुमच्या 'सीटीसी'त धरलेलं असतं. मग १८,००० मधून तुमचा पीएफ १,०८० आणि ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ वजा होतात. हातात उरले १६,७८५. वीस हजार ऐकून घरात पेढे वाटले, खात्यात आले पावणेसतरा.

आता त्यातून जाण्यायेण्याचा खर्च काढा. टिळकवाडीहून सांबरा जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरच्या आसपास. महिन्याला सव्वीस ड्यूट्या धरल्या तर साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे दुचाकीला चौदा-पंधरा लिटर पेट्रोल. दीड हजार तिथं गेले. पहाटेच्या ड्यूटीला सीबीटी बसस्थानकावरून बस मिळेल या भरवशावर राहू नका. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या मुलांनी तर हे गणित दोनदा करावं, कारण पहाटे हजर व्हायचं म्हणजे शहरात खोली घेणं आलंच. मुलींनी पहाटे आणि रात्री गाडी घ्यायला-सोडायला येते का ते तोंडी न विचारता ईमेलवर विचारावं.

छोट्या स्टेशनवर आणखी एक गोम असते: सकाळी एक विमान, संध्याकाळी एक. मधले चार-पाच तास तुम्ही ना घरी, ना कामावर. या 'स्प्लिट ड्यूटी'चा पगार किती तासांचा धरतात? ऑफर लेटरमध्ये ते लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. आणि विमानतळाचा प्रवेश पास, ज्याला सगळे एईपी म्हणतात, तो येईपर्यंत पगार सुरू होतो की नाही हेही विचारा. पास पोलीस पडताळणीशिवाय निघत नाही. जो कर्नाटकात शिकला, पण घर शिनोळीला किंवा गडहिंग्लजला, त्याचे कागद दोन राज्यांत फिरतात. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला यांवर नाव-पत्ता सारखा आहे का ते आजच बघा. 'बेळगाव' आणि 'बेळगावी' अशी दोन स्पेलिंगं असली तर नोकरी लागायची वाट न बघता दुरुस्ती सुरू करा.

घरी राहून १५,००० उरणं आणि बेंगळुरात खोली, मेस भागवून २५,००० मधले ९,००० उरणं, यात पहिलं बरं. बेळगावच्या मुलाला कमी पगार परवडतो तो एवढ्याच कारणानं. पण घरात जेवण फुकट आहे म्हणून कंपनीनं पगार कमी द्यावा असा त्याचा अर्थ होत नाही.

पायरी ३: कोणता अनुभव कागदावर उतरतो?

इथं घाई करू नका, सगळं गणित इथंच ठरतं.

ग्राउंड स्टाफ. मोठ्या विमानतळावर नवा मुलगा सहा महिने एकाच काउंटरवर बॅगा वजन करत बसतो. छोट्या स्टेशनवर तोच मुलगा चेक-इन बंद करून धावत गेटवर जातो, बोर्डिंग करतो, विमान सुटल्यावर कुणाची बॅग आली नाही त्याची तक्रार लिहून घेतो. शिकायला भरपूर, पण यातलं बरंचसं वर्षभरात शिकून होतं. त्यानंतर तेच काम तीन वर्षं केलं तरी बायोडाटात एक ओळसुद्धा वाढत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून लोड अँड ट्रिम, म्हणजे विमानातल्या वजनाचा आणि तोलाचा हिशेब, शिकायला मिळेल का ते विचारा. पन्नास सीटच्या एम्ब्रेयर १४५ चं सामान शेपटीकडच्या कप्प्यात जातं. बॅगा जास्त आणि प्रवासी मागेच बसलेले असले की वजनाचा तोल मागं सरकतो. मग हा हिशेब मांडणारा, ट्रिमशीट करणारा पोरगा वॉकीटॉकीवर सांगतो, 'अमुक रांगेतले तीन पुढं घ्या', आणि एखादे आण्णा वैतागतात की मी खिडकीचे पैसे भरलेत. ज्याच्या सहीनं विमानाचा तोल ठरतो त्याला प्रशिक्षण आणि अधिकृत मान्यता लागते. ही मान्यता, धोकादायक मालाचं चोवीस महिने चालणारं प्रमाणपत्र आणि नॅविटेअर किंवा अमाडेअससारख्या चेक-इन प्रणालीवरचा हात, एवढं पुढची कंपनी मोजते. 'ग्राहकांशी उत्तम संवाद' हे कुणी मोजत नाही.

भाषेचा मुद्दा इथंच. बैलहोंगल-गोकाकचा प्रवासी कन्नड बोलतो, आजरा-चंदगडचा मराठी, व्यापाऱ्यांची हिंदी. मराठी माध्यमातून आलेल्यांनी कन्नड समजतंय यावर समाधान मानू नये. घोषणा कन्नडमधून न अडखळता म्हणता आली पाहिजे. राजकारण काय व्हायचं ते होऊ दे, काउंटरवर चार भाषा बोलणारा माणूस सुपरवायझरला सुट्टीवर पाठवायला नको वाटतो आणि त्याला पगार वाढवून मागता येतो.

देखभाल अभियंता. चौघांत कमी पगार सगळ्यात जास्त यालाच परवडतो, कारण याचा अनुभव लायसन्समध्ये मोजला जातो. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या कार-१४७ नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेतून कोर्स केला असला तरी कार-६६ नियमाखालचं बी१ (यांत्रिक) किंवा बी२ (इलेक्ट्रॉनिक) लायसन्स मिळायला प्रत्यक्ष विमानावरच्या कामाची वर्षं दाखवावी लागतात, आणि ती लॉगबुकात कामागणिक, लायसन्सधारकाच्या सहीनं. पण बारा महिने ड्यूटी केली म्हणजे लॉगबुक भरलं असं होत नाही. नुसत्या लाइन स्टेशनवर, म्हणजे दोन उड्डाणांमधली किरकोळ देखभाल होते तिथं, काम काय, तर रोजची तपासणी, टायरचं प्रेशर, ऑइल बघणं, फार तर चाक बदलणं. लॉगबुकात विमानाच्या प्रत्येक यंत्रणेला धड्याचा ठरलेला क्रमांक असतो; त्यात लँडिंग गिअरचा धडा ३२ वारंवार दिसतो आणि उड्डाण नियंत्रणाचा २७, हायड्रॉलिकचा २९, इंजिनचा ७२ कोरे राहतात. तेव्हा मुलाखतीत विचारा: मोठी तपासणी कुठं होते? शिकाऊंना फिरतीवर तिथं पाठवता का? सही कोण करतं आणि किती दिवसांनी? सही महिन्याच्या महिन्याला झाली पाहिजे. सहा महिन्यांचं काम साठवून सही मागायला जाल तोवर तो इंजिनिअर आखातात गेलेला असतो.

छोट्या कंपनीत माणसं कमी, त्यामुळं शिकाऊच्या हातात पाना लवकर येतो. मोठ्या हँगरमध्ये अनेक महिने पॅनल उघडणं आणि लावणं यातच जाऊ शकतात. हे छोट्या कंपनीच्या बाजूचं खरं माप. विरुद्ध बाजूला विमानाचा प्रकार. एटीआर ७२ इंडिगो, अलायन्स एअर, फ्लाय९१ अशा बऱ्याच जणांकडं आहे, तेव्हा एटीआर लायसन्सवर चढलं तर दारं अनेक. एम्ब्रेयर १४५ आणि १७५ म्हटलं की भारतात स्टार एअरचंच नाव पुढं येतं. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची ही कंपनी जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली आणि आपल्या भागात तिचं नाव घरोघरी आहे. विमान चांगलंच आहे. पण ज्या प्रकारची विमानं देशात थोड्यांकडं, त्या प्रकाराचा शिक्का घेऊन नोकरी बदलणाऱ्याला पर्यायही थोडेच. बी१ चं मूळ लायसन्स कुठंही चालतं, प्रकाराचा शिक्का मात्र तसा चालत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या धरून हिशेब करा.

ज्यांचं मन विमानापेक्षा यंत्रात जास्त रमतं, त्यांनी हत्तरगीच्या एक्वस एसईझेडकडंही बघावं. तिथं विमानांचे सुटे भाग बनतात. त्या अनुभवानं लायसन्स मिळत नाही, पण रात्री-अपरात्री विमानाची वाट बघत बसायलाही लागत नाही.

केबिन क्रू. पन्नास सीटला किमान एक क्रू असा नियम आहे. म्हणजे छोट्या विमानात तुम्ही एकटेच, किंवा ७६ सीटच्या विमानात दोघं. घोषणा, दार, प्रथमोपचार, चिडलेला प्रवासी, सगळं तुमच्याच अंगावर. जबाबदारी लवकर येते. मात्र पगारातला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. ठरलेला किमान तासांचा भत्ता किती ते विचारा, कारण विमान दुरुस्तीला उभं राहिलं की तास थांबतात आणि घरभाडं थांबत नाही.

पायलट. इथं थोडक्यात लिहितो, कारण यांचे आकडे लाखांत असतात आणि घरचे आधीच कर्जात बुडालेले असतात. २०० तासांवर सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) मिळालं, पुढं एटीपीएलला (कमांडर व्हायला लागणाऱ्या लायसन्सला) १,५०० तास लागतात. तेव्हा पगारापेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा: या कंपनीतल्या को-पायलटचे वर्षाला खरोखर किती तास होतात? एचआरच्या आकड्यावर जाऊ नका, तिथल्याच दोघा-तिघांना विचारा. पाच-सात विमानांच्या कंपनीत दोन विमानं सुट्या भागांअभावी उभी राहिली तर सगळ्यांचेच तास घसरतात. दुसरं असं की डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला बारा महिने नोटीस द्यावी लागते. 'पटलं नाही तर सोडू' असं इथं चालत नाही. बेळगावात उड्डाण प्रशिक्षण घेणाऱ्यांनीही हे फी भरायच्या आधी ऐकून ठेवावं. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत आपलं होतं, तेव्हापासून आपल्याकडच्या पालकांचा उत्साह जरा जास्तच वाढलाय.

पायरी ४: कंपनी टिकेल का?

किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रादेशिक मार्गांवरची ट्रूजेट २०२२ मध्ये. मोठी असो की छोटी, यातून कुणी सुटत नाही.

बेळगावसारख्या गावाचा धोका वेगळा आहे. इथले बरेच मार्ग उडान या छोटी गावं विमानानं जोडणाऱ्या सरकारी योजनेतून आले. त्यात काही सीटचं भाडं बांधलेलं असतं आणि तोटा भरून काढायला कंपनीला सरकारकडून तीन वर्षं पैसे मिळतात. ती मुदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो किंवा बंद होतो. तुमची नोकरी ज्या मार्गावर आहे त्याची मुदत कधी संपते ते शोधा. मार्ग गेला तर स्टेशनवरची माणसं कमी होतात किंवा 'हैदराबादला जाता का?' असं विचारलं जातं. बदलीचं कलम ऑफर लेटरमध्ये असतंच, ते वाचा.

रुजू झाल्यावर पगाराच्या तारखेपेक्षा पीएफचं पासबुक बघत जा. कंपनीच्या हातात पैसे कमी पडले की बऱ्याचदा पीएफ भरायचा राहतो, पगार नंतर लांबतो. यूएएन हा आपला पीएफचा नंबर घेऊन दर महिन्याला ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पासबुकात रक्कम जमा झालीय का बघायला पाच मिनिटं लागतात. लागोपाठ दोन महिने जमा नसेल तर नवी नोकरी शोधायला लागा, घरी कुणाला न सांगता लागलात तरी चालेल.

पायरी ५: बाँड

प्रशिक्षणाच्या बदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड मागतात. 'बाँड कोर्टात टिकत नाही रे' असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याच्यावर विसंबू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडं काम करायला बंदी घालणारं कलम करार कायद्याच्या कलम २७ पुढं सहसा टिकत नाही, हे खरं. पण मुदतीआधी सोडल्यास ठरावीक रक्कम भरायची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची दोन लाखांची अशी अट वैध ठरवली. तेव्हा रक्कम बघा, प्रशिक्षणाच्या खऱ्या खर्चाशी तिचा मेळ बसतो का बघा, आणि दर महिन्याला ती कमी होत जाते का ते विचारा. तेविसाव्या महिन्यातही पूर्ण रक्कमच मागणारा बाँड वाईट.

मूळ मार्कशीट ताब्यात देऊ नका. कोरा चेक तर मुळीच नको. चेक न वटल्यास चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो आणि बाँडचा साधा वाद कोर्टाच्या फेऱ्यांत जातो.

पायरी ६: तारीख ठरवा

सगळं बघून नोकरी घ्यायचं ठरलं, तर वहीत तीन ओळी लिहा: हातात किती येणार, कोणतं प्रमाणपत्र किंवा किती तास मिळवायचे, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. माझा ढोबळ आडाखा असा: ग्राउंड स्टाफनं बारा ते अठरा महिन्यांत पद किंवा कंपनी बदलावी. अभियंत्यानं लायसन्स हातात येईपर्यंत पगाराकडं फार बघू नये आणि लायसन्स आल्यावर महिनाभरही गप्प बसू नये. केबिन क्रूनं वर्षभरानं बाहेर अर्ज टाकायला लागावं. पायलटनं बाँड संपून तास भरेपर्यंत हलू नये.

त्या महिन्यात ठरलेलं मिळालं नसेल तर स्टेशन मॅनेजरशी बोला. आपल्याकडची मुलं साहेबांशी पगाराचं बोलायला लाजतात, कुणाची तरी ओळख शोधत फिरतात. सरळ म्हणा, "सर, लोड अँड ट्रिमचं ट्रेनिंग झालंय, दोन शिफ्ट एकटा सांभाळतोय, तर माझ्या पगाराचं बघा की." नाही म्हणाले तरी तुम्ही काय काय करता हे त्यांच्या कानावर गेलं, आणि पुढं शिफारस मागायची वेळ येते तेव्हा त्याचा उपयोग होतो.

पायरी ७: सोडताना

राजीनामा ईमेलनं द्या आणि तो मिळाल्याचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. प्रशिक्षणाच्या सगळ्या प्रमाणपत्रांच्या प्रती आधीच स्वतःच्या मेलवर ठेवा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो. अनुभवाच्या दाखल्यात पद, तारखा, विमानाचा प्रकार आणि केलेली कामं लिहून मागा. 'ते आमच्याकडं काम करत होते' एवढ्यावर भागत नाही. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. आणि एईपी ज्या दिवशी जमा कराल त्या दिवशीच शिक्क्यासकट पोच घ्या. जुना पास परत केल्याची नोंद सापडली नाही तर पुढच्या विमानतळावरचा नवा पास अडकून पडतो, आणि पास नसेल तर पहिल्याच महिन्याचा पगारही.